कोलाडहून न्यूझीलंड: गाइड म्हणून ये, पण नजर रेस्क्यू शिकवण्यावर ठेव

भावा, तू विचारलंयस की तू वाईचा, कोलाडला राफ्ट गाइड आहेस, आता न्यूझीलंडला जायचंय, तर यात करिअर होतं का आणि घरी काय सांगू. मी भिलवडीकडचा, आधी ऋषिकेशला गाइड होतो, मग इकडं न्यूझीलंडच्या साउथ आयलंडला आलो आणि आता गाइडिंग कमी, स्विफ्टवॉटर रेस्क्यू, म्हणजे वाहत्या पाण्यात अडकलेल्याला बाहेर काढणं, ते शिकवणं जास्त. म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

करिअर होतं. पण नुसतं गाइड राहून होत नाही. इथला सीझन साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, बाकीचे महिने पोरं स्की फील्डला जातात नाहीतर द्राक्षाच्या छाटणीला, आमच्या तासगावकडच्या द्राक्षपट्ट्यातल्या माणसाला ते काम वेगळं शिकवायला नको. वर खांदा आणि कंबर किती वर्षं साथ देणार याचा हिशोब आत्ताच घाल. चाळिशीत या धंद्यात टिकलेली जी माणसं मी बघतो ती बहुतेक ट्रिप लीडर, ट्रेनर नाहीतर रेस्क्यू इन्स्ट्रक्टर झालेली आहेत.

व्हिसाचं थोडक्यात. अ‍ॅक्रेडिटेड एम्प्लॉयर वर्क व्हिसा लागतो, म्हणजे इथल्या मान्यताप्राप्त मालकाची ऑफर आधी, तिकीट नंतर. फिरायच्या व्हिसावर ये, काम बघू, असं सांगणाऱ्या एजंटला पैसे देऊ नको. नियम बदलत राहतात, ते इमिग्रेशनच्या साइटवर स्वतः वाच.

आता कोलाडचं. कुंडलिकेचं पाणी भिऱ्याच्या पॉवरहाऊसमधून सुटतं, वेळ ठरलेली, लेव्हल जवळपास ठरलेली. शिकायला चांगली नदी आहे, पण इथं असेसर, म्हणजे गाइडची परीक्षा घेणारा, विचारतो की रात्री डोंगरात पाऊस पडून नदी चढली तर तू ट्रिप कुठं थांबवशील, आणि कोलाडला तो प्रश्न फारसा येतच नाही. म्हणून एक-दोन सीझन ऋषिकेशला कर, कौडियालाकडचा वरचा पट्टा कर, इंटरनॅशनल राफ्टिंग फेडरेशनचं सर्टिफिकेट काढ. इथं कायटुनासारख्या नदीवर ७ मीटरच्या धबधब्यावरनं राफ्ट खाली जाते, तिथं नुसत्या तोंडी अनुभवावर कोणी उभं करत नाही. आजपासून लॉगबुक, म्हणजे ट्रिपांची नोंदवही, ठेव: नदी, ग्रेड (ती किती अवघड), पाण्याची लेव्हल, तुझं काम काय होतं, आणि ट्रिप लीडरची सही. आपल्याकडची पोरं हे लिहित नाहीत आणि मग एवढ्या वर्षांची मेहनत कागदावर शून्य दिसते. आणि क्युसेकवरनं (सेकंदाला घनफूट) क्युमेकवर (सेकंदाला घनमीटर) ये, १ क्युमेक म्हणजे साधारण ३५ क्युसेक, कोयनेतून ५०,००० सोडले म्हणजे १,४०० च्या वर, हे डोक्यात बसलं की इथले आकडे कळायला लागतात.

थंडीचं मात्र मनावर घे. इथल्या नद्यांत बर्फाचं पाणी आहे. पडलास की पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, त्यानंतर हातपाय नीट चालतात ते फार तर १० मिनिटं. कृष्णेत तासभर पोहणारा गडीसुद्धा इथं दोरी धरू शकत नाही.

रेस्क्यूकडं यायचं तर स्विफ्टवॉटर रेस्क्यू टेक्निशियनचा कोर्स आणि वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर, म्हणजे दवाखान्यापासून लांब रानात करायच्या प्रथमोपचाराचा कोर्स, हा ७०-८० तासांचा असतो, दोन्ही हवेत. दुसरा मसुरीच्या हनिफल सेंटरला होतो, तिकडूनच करून ये. आणि वाईत आहेस तर महाबळेश्वर ट्रेकर्सच्या पोरांना जाऊन भेट. २०१८ ला आंबेनळी घाटात बस कोसळली तेव्हा दरीत उतरलेल्यांत ती पोरं होती. पावसात, चिखलात दोरीचं काम कसं चालतं ते त्यांच्याबरोबर राहून जेवढं कळेल तेवढं कुठल्या कोर्समध्ये कळणार नाही.

मी शिकवण्याकडं का वळलो तेही सांगतो. आपल्याकडं पट्टीचा पोहणारा म्हणजे उडी टाकणारा, पूर आला की आयर्विन पुलावरनं उड्या मारणारी पोरं तू बघितली असशील. रेस्क्यूत क्रम बरोबर उलटा आहे: आधी काठी पुढं कर, मग दोरी टाक, मग बोट, पाण्यात शिरायचं सगळ्यात शेवटी. नदीवरच्या केटी (कोल्हापुरी) बंधाऱ्याचंच घे. बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असले आणि वरनं पाणी पडत असलं की खाली ते उलटं फिरून परत भिंतीकडं येतं, वरनं बघितलं तर गुडघाभर फेस दिसतो, पण त्यात सापडलेला माणूस भिंतीकडं ओढला जातो, खाली जातो, वर येतो, परत ओढला जातो. त्याला काढायला उडी मारणाराही तिथंच अडकतो. अशा ठिकाणी काठावरनं थ्रो बॅग, म्हणजे दोरी भरलेली पिशवी, टाकायची: दोरीचं मोकळं टोक हातात, पण मनगटाला कधीच गुंडाळायचं नाही, आधी जोरात हाक मारायची, त्यानं बघितलं की पिशवी त्याच्या डोक्यावरनं पलीकडं जाईल अशी टाकायची, आणि ताण आला की खाली बसायचं. एवढं गावातल्या चार पोरांना येत असलं तरी फरक पडतो. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला नाव उलटली, ते मी इथं बसून फोनवर बघत होतो. तेव्हापासून शिकवण्यातच मन लागलं. आता जमेल तेव्हा पावसाळ्याच्या आधी गावी येतो आणि घाटावर पोरांकडनं हेच करून घेतो.

शिकवणं हे गाइडिंगपेक्षा अवघड आहे बरं का. गाइड स्वतः वल्हं मारून राफ्ट सोडवतो, इन्स्ट्रक्टरला मात्र शिकणारा चुकताना दिसत असतो आणि जीवाला धोका नाही तोवर गप्प उभं राहावं लागतं.

घरी सांगताना दरवर्षी पगार वाढत जाईल असं सांगू नको, तसं होत नाही. काम करताना इजा झाली तर इथं एसीसी म्हणून सरकारी योजना आहे, उपचार होतात आणि कामावर असलास तर पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत मिळतं, हे आईला आवर्जून सांग. गाडी नीट चालवायला शिक, कारण गिऱ्हाइकं नदीपर्यंत न्यायची तर इथं लायसन्सवर वेगळं पी एंडोर्समेंट लागतं आणि ते असलेल्या गाइडला मालक आधी घेतो. अर्ज जून-जुलैच्या आतच पाठव, ऑक्टोबरची माणसं तेव्हाच ठरतात. लॉगबुकची पहिली पानं भरलीस की मला फोटो पाठव, कुठं काय कमी आहे ते सांगतो.