प्लॉटचं ड्रोन शूटिंग: सुरुवातीला एवढं सांभाळ

भाऊ, पहिलंच काम एनए (बिगरशेती) प्लॉटचं मिळालं, छान झालं.

आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन साइटवरचा नकाशा बघ. आपल्या संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाजवळ परवानगीशिवाय ड्रोन उचलायचाच नाही. ग्रीन झोनमध्येही, म्हणजे जिथं उडवायला वेगळी परवानगी लागत नाही तिथंही, कमाल 400 फूट. तू पैसे घेऊन उडवणार, म्हणून ड्रोन 250 ग्रॅमच्या वर असेल तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं.

नवीन माणूस हमखास फार उंच जातो. मग प्लॉट काडेपेटीएवढा दिसतो आणि गिऱ्हाइकाला काहीच उमगत नाही. 100-150 फुटांवर थांब, कॅमेरा तिरका ठेव, डांबरी रस्ता फ्रेममध्ये आलाच पाहिजे. काळ्या रानात वरून हद्द कळत नाही, म्हणून आदल्या दिवशी मालकाला चारी बाजूंनी फक्की (चुन्याची पांढरी रेघ) मारायला सांग. एवढ्या एका गोष्टीनं माझे फोटो बदलले.

उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरक, नंतर नुसता धुरळा.

शेजारून हाय टेन्शन लाइन जात असेल तर ती फोटोतून कापू नकोस. लोक आयुष्याची कमाई घालतात, त्यांना खरं दिसू दे.

एचडीआर, मॅपिंग असल्या पुढच्या करामती नंतर बघू. आधी मोकळ्या शिवारात हात बसव, आणि बॅटरी 30 टक्क्यांवर आली की ड्रोन खाली.