उभ्या गाडीतली चिवचिव: बेल्टला साबण लावायच्या आधी वाचा

सांगलीतल्या विश्रामबागच्या दादांची पोस्ट वाचली आणि माझा दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा डोळ्यांपुढे आला. त्यांची सेकंड हँड घेतलेली पेट्रोल गाडी, सकाळी सुरू करून उभी ठेवली की बॉनेटखालून चिमणीसारखी चिवचिव, जरा रेस दिली की गप्प. गॅरेजवाला म्हणतो बेल्ट, म्हणजे इंजिनच्या पुल्यांवरचा रबरी पट्टा, बदलू. आणि कुणीतरी सल्ला दिलाय की बेल्टला साबण घासा, आवाज जाईल. हे शेवटचं वाचून राहवलं नाही. मी मेकॅनिक नाही, साताऱ्यात नोकरी करणारा साधा माणूस आहे. खाली लिहिलंय ते पैसे घालवून शिकलेलं आहे, तेवढ्याच भरवशाचं समजा.

साबण घासू नका. मी घासला होता.

माझी डिझेल, चिवचिव हीच. शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून अंगाच्या साबणाची कोरडी वडी बेल्टवर फिरवली. आवाज बंद! काकांना चहा पाजला. दोन दिवसांनी सर्व्हिसिंगची तारीख होती. तिथे तक्रार सांगितली, ॲडव्हायझरने मिनिटभर कान दिला आणि म्हणाला, "कुठाय आवाज?" साबणाचं सांगायची मला लाज वाटली. त्याने जॉबकार्डवर "जनरल चेकअप" असं दोन शब्दांत लिहिलं आणि मी न वाचता सही केली.

महिन्याभराने पुण्याहून येताना खंबाटकी चढत होतो. निम्म्या घाटात बॅटरीचा लाल दिवा लागला. मला वाटलं बॅटरी गेली असेल, सुरूर फाट्याला बघू. तो दिवा बॅटरीचा नव्हता हो. बेल्ट उडाला होता. ज्या बेल्टवर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, त्याच बेल्टवर माझ्या गाडीत वॉटर पंप. म्हणजे चार्जिंग बंद आणि कूलंट फिरणंही बंद, तेही चढावर, गाडीत चार माणसं असताना. पुढच्या दोन वळणांत टेम्परेचरचा काटा लाल पट्टीत आणि बॉनेटमधून वाफ. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील, गेलं. बिल ३६ हजार.

एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली होती. उत्तर आलं: गाडी तापलेली असताना चालवली, आणि आधी आवाजाची तक्रार नोंदच नाही. पहिल्या मुद्द्यावर माझं तोंड बंद, चूक माझीच. पण दुसऱ्या मुद्द्याचा राग अजून जात नाही. मी काउंटरवर उभा राहून दोनदा सांगितलेलं! चार फोन, दोन मेल, एक चक्कर, शेवटी "साहेब मीटिंगमध्ये आहेत". जाऊ दे. तुम्ही एवढंच करा, जॉबकार्डवर तुमचे शब्द लिहून घ्या: "सकाळी थंड इंजिनला, गाडी उभी असताना चिवचिव". त्याचा फोटो काढा, मग सही करा. आवाजाचा व्हिडिओही घरीच काढून ठेवा, कारण शोरूमला पोचेपर्यंत इंजिन तापतं आणि आवाज लपतो.

खरं दुखणं गोडोलीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी दाखवलं. टेन्शनरची, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी, पुली काढून माझ्या तळहातावर ठेवली, म्हणाले, "फिरवा." मी बोटाने टिचकी मारली, ती भोवऱ्यासारखी फिरतच राहिली. मी म्हटलं, चांगली फिरतेय की. "तेच वाईट आहे. आतलं ग्रीस संपलंय. चांगलं बेअरिंग जरा जड फिरतं आणि लगेच थांबतं." मग पुली कडेने हलवली तर कटकट वाजली. बेअरिंग खिळखिळं, म्हणून पुली किंचित तिरकी, म्हणून बेल्ट घासून चिवचिवायचा. मी साबण लावून बेल्टचं तोंड बंद केलं, बेअरिंग मरतच राहिलं. ती पुली हजाराच्या आत आली असती.

आता दादा, तुमच्या गाडीचं. आधी क्लच दाबून बघा. आवाज त्यासरशी बदलला तर बेल्ट सोडा, क्लचचं रिलीज बेअरिंग किंवा गिअरबॉक्सकडे बघायला सांगा. एसी लावल्यावर बदलला तर कॉम्प्रेसरकडे, हेडलाइट लावल्यावर वाढला तर अल्टरनेटरच्या बाजूला संशय. मग सकाळी, थंड इंजिनलाच, बाटलीच्या टोपणाला भोक पाडून बेल्टच्या आतल्या, रेघांच्या बाजूला लांबूनच थोडं पाणी उडवा. आवाज क्षणभर गेला आणि परत आला तर बहुधा पुली तिरकी. उलट वाढला तर बेल्ट घसरतोय, ताण कमी. बाह्या दुमडून, गळ्यातलं काढून, हात लांब ठेवून करा. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो.

पेट्रोल आहे म्हणून आणखी एक. चिवचिवीपेक्षा बारीक शिट्टी वाटत असेल तर इंजिन चालू असताना ऑइलची डिपस्टिक थोडी वर ओढा. शिट्टी त्याच क्षणी थांबली तर बेल्टचा संबंध नाही, इंजिनच्या खालच्या पोटातली (क्रँककेसमधली) हवा ओढून घेणाऱ्या व्हॉल्व्हचा पडदा फाटलेला असू शकतो. हे बऱ्याच गॅरेजवाल्यांच्या डोक्यातच येत नाही आणि लोक तीन-तीन बेल्ट बदलतात. बेल्ट बदलायला माझा विरोध नाही, पण पुल्या हाताने फिरवून न बघता नुसता बेल्ट बदलणाऱ्याकडे मी तरी गाडी देणार नाही.

विषय निघालाच आहे तर, गाडी सांगलीतच घेतलीय आणि २०१७ चं मॉडेल आहे म्हणता. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. त्या पाण्यात किती गाड्या उभ्या होत्या ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. तुमची त्यातली आहे असं म्हणत नाही, पण चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. टोकाला गाळाची रेघ दिसली तर एका पुलीवर भागणार नाही, अल्टरनेटरचं बेअरिंगही तपासून घ्या. विकणाऱ्याकडून त्या वर्षीचे इन्शुरन्सचे कागदही मागा.

पाणी उडवल्यावर आवाज गेला की वाढला, तेवढं कळवा. आणि तोवर पुण्याला जायचं असेल तर एसटीने जा.