आधी तिसऱ्या वर्षाची प्रश्नपत्रिका बघ

तुला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चार पानांत ‘पण चुकलं तर?’ सहा वेळा आलंय. मोजलं मी, संख्याशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, सवय जात नाही.

पुढे काय व्हायचं ते ठरेना म्हणून काय शिकायचं तेही तू अडवून धरलंयस. वैद्यक, वास्तुकला अशा मोजक्या व्यवसायांत हे दोन प्रश्न एकच असतात, कारण ठरावीक शिक्षणाशिवाय तिथे परवाना मिळत नाही. त्यांतलं काही मनात असेल तर आत्ताच सांग, ते वेगळं पत्र होईल. एरवी या दोहोंतली गाठ बरीच सैल असते. व्यंकटरामन रामकृष्णन यांनी १९७१ साली भौतिकशास्त्राची पदवी घेतली, १९७६ मध्ये त्यातच पीएचडी केली आणि त्यानंतर जीवशास्त्र शिकायला ते पुन्हा विद्यार्थी म्हणून वर्गात जाऊन बसले. २००९ साली रायबोसोमच्या, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या, रचनेवरच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं, तेही रसायनशास्त्राचं.

पण यावरून ‘काहीही घेतलं तरी चालतं’ असा अर्थ काढू नकोस. भौतिकशास्त्राकडून जीवशास्त्राकडे जाता येतं. उलटा प्रवास फार कमी लोकांना जमतो, आणि बहुतेकदा घोडं गणितात अडतं. काही विषय जिन्यासारखे असतात. कॅल्क्युलस कच्चं राहिलं की डिफरन्शियल इक्वेशन्स कळत नाहीत, आणि तिथून पुढचं अर्धं विज्ञान परकं होतं. परकी भाषाही तशीच. याउलट इतिहास किंवा समाजशास्त्राचं पुस्तक तिशीत हातात घेतलं तरी ते आपल्याला आत घेतं. (या विषयांचे प्राध्यापक हे वाचून माझ्यावर रागावतील. त्यात मुरायला त्यांनाही वर्षं लागली आहेत, मान्य. मी फक्त दारापुरतं बोलतोय.) म्हणून काहीच ठरत नसेल तर पहिल्या वर्षी जिन्यातला निदान एक विषय सोडू नकोस. नंतर तो सोडता येतो, नंतर धरणं मात्र जड जातं.

आता आवडीबद्दल. ‘मला सगळंच थोडं थोडं आवडतं’ असं तू लिहिलंयस. विषय लांबून सगळेच छान दिसतात. मी रसायनशास्त्र घेतलं होतं, मार्क बरे होते एवढ्याच कारणाने. दुसऱ्या वर्षी टायट्रेशनला, म्हणजे द्रावणाची तीव्रता मोजायच्या प्रयोगाला, उभा राहिलो की ब्युरेट नावाच्या खुणांच्या नळीतून थेंब थेंब सोडायचा, फ्लास्क हलवायचा, फिकट गुलाबी रंग टिकला की आकडा लिहायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. माझा जोडीदार त्या शेवटच्या थेंबासाठी श्वास रोखून थांबायचा. माझा थेंब हमखास जास्त पडायचा आणि फ्लास्कमध्ये गडद गुलाबी सरबत व्हायचं. मला त्याचं काही वाटत नसे. मी वहीकडे बघत बसायचो: तीच बाटली, तोच हात, मग १०.२, १०.४ आणि १०.१ असे तीन आकडे का? एकदा सरांनी विचारलं, “तू प्रयोग करतोयस की हिशेब?” ते चिडून म्हणाले होते, पण माझा विषय त्या दिवशी मला कळला. तो कुठल्याही माहितीपुस्तिकेत सापडला नसता. रसायनशास्त्राची दोन वर्षं वाया गेली असं घरचे बरीच वर्षं म्हणत राहिले. मला तसं कधी वाटलं नाही.

पगाराचे तक्ते बघायला हरकत नाही. फक्त ते काही वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्यांचे असतात आणि सरासरी कुणाच्याच घरी राहत नाही, एवढं ध्यानात ठेव.

आणि ‘सगळ्यात योग्य’ विषयाचा शोध थांबव. हर्बर्ट सायमन यांनी १९५६ मध्येच मांडलं होतं की माणसं सर्वोत्तम पर्याय शोधत नाहीत. आपल्या गरजांना पुरेल असा पर्याय सापडला की तो घेऊन पुढे जातात. सगळे पर्याय तपासायला लागणारा वेळ आणि माहिती कुणाकडेच नसते. सायमन स्वतः राज्यशास्त्राचे पीएचडी. १९७५ मध्ये संगणकशास्त्राचा ट्युरिंग पुरस्कार आणि १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल घेऊन बसले. तेव्हा तुझे निकष तीनच ठेव: रोजचा अभ्यास सोसवेल, जिना तुटणार नाही, आणि वर्षभराने विषय बदलावा लागला तर किती क्रेडिट, म्हणजे पुऱ्या केलेल्या अभ्यासाचे जमा गुण, बुडतील. हे शेवटचं कार्यालयात जाऊन विचार, मैत्रिणींना नको.

एक काम सांगतो. मनातल्या तीन विषयांच्या तिसऱ्या वर्षाच्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयातून मिळव. पहिल्या वर्षाच्या नकोत, त्या सगळ्याच गोड असतात. उत्तरं येणार नाहीत, येऊही नयेत. रविवारी सकाळी तिन्ही समोर ठेव आणि प्रश्न नुसते समजून घ्यायचा प्रयत्न कर. दुपारी जेवायला हाक येईल तेव्हा कुठल्या कागदावरून उठवत नव्हतं, ते मला कळव.

तुझा,
सर