वाचकांचे प्रश्न : बिस्किटांत फुलांचा सुगंध उतरवताना

प्रश्न : मी वाळलेल्या लॅव्हेंडरची बिस्किटे केली, ती घरात सर्वांना साबणासारखी लागली. पुढच्या खेपेस गुलाबाच्या ताज्या पाकळ्या चिरून पिठात मिसळल्या, तर बिस्किटे ट्रेभर पसरली आणि गुलाबाचा वास औषधालाही राहिला नाही. माझे नेमके काय चुकले?

उत्तर : पहिल्या वेळी सुगंध जास्त झाला आणि दुसऱ्या वेळी तो उडून गेला. फुलाचा वास त्यातील उडनशील तेलांत असतो. ही तेले लोण्यात सहज विरघळतात, पाण्यात फारशी विरघळत नाहीत आणि ओव्हनच्या उष्णतेने भराभर उडतात. म्हणून फूल शेवटी पिठात टाकण्याऐवजी त्याचा सुगंध आधीच साखरेत किंवा लोण्यात मुरवून घ्यावा, हे या बिस्किटांचे खरे मर्म आहे.

आधी लॅव्हेंडरविषयी. स्वयंपाकासाठी ‘लॅव्हेंड्युला अंगुस्टिफोलिया’ ही जात वापरतात. ‘लॅव्हेंडिन’ नावाच्या संकरित जातीत कापराचा अंश बराच जास्त असतो, आणि आपल्याला लागलेली साबणाची चव बहुधा तिथूनच आली असावी. खाण्यासाठी म्हणून विकत आणलेल्या लॅव्हेंडरची एक कळी दोन बोटांत चुरडून पाहावी. गोडसर, किंचित लिंबाकडे झुकणारा वास आला तर ती घ्यावी. कापरासारखी झणझण नाकात गेली तर ती बिस्किटांत घालू नये. जात योग्य असली तरी प्रमाण हात राखूनच ठेवावे लागते. तीनशे ग्रॅम मैद्याला वाळलेल्या कळ्यांचा एक सपाट चहाचा चमचा पुरतो. अख्खी कळी दाताखाली आली की तिचा सगळा अर्क एकाच जागी जिभेवर उतरतो, म्हणून कळ्या साखरेबरोबर मिक्सरमध्ये बारीक दळून घ्याव्यात.

गुलाबाच्या बाबतीत अडचण पाण्याची आहे. ताज्या पाकळीचे बहुतेक वजन पाण्याचेच असते. ते पाणी पिठात उतरले की गोळा सैल पडतो, बिस्किटे पसरतात आणि खुसखुशीत होत नाहीत. ज्या गुलाबाला झाडावरच भरपूर वास आहे, त्याच्याच पाकळ्या घ्याव्यात, कारण बिनवासाच्या दिमाखदार गुलाबातून काहीही हाती लागत नाही. पाकळीच्या बुडाशी असलेला पांढरा भाग कडवट असतो. तो कात्रीने कापून टाकावा. मग पाकळ्या सावलीत, चुरचुरीत होईपर्यंत वाळवाव्यात. अशा दोन मोठे चमचे पाकळ्या शंभर ग्रॅम साखरेबरोबर दळून घट्ट झाकणाच्या बरणीत आठवडाभर ठेवाव्यात. बरणी उघडताच वास समोर आला पाहिजे. तो आला नाही तर बिस्किटांतही येणार नाही, तेव्हा लोणी आणि मैदा खर्ची घालण्यापूर्वीच हे ताडून पाहावे.

आठवडाभर थांबणे शक्य नसेल, तर दोनशे ग्रॅम बिनमिठाचे लोणी अगदी मंद आचेवर वितळवावे, आच बंद करून त्यात फुले घालावीत आणि झाकण ठेवून अर्धा तास मुरू द्यावे. मग ते गाळून, पुन्हा मऊ पण घट्ट होईपर्यंत थंड करावे. वितळलेल्या लोण्यातच मैदा मिसळला तर बिस्किटे तेलकट होतात. मला स्वतःला लॅव्हेंडरसाठी लोण्याची आणि गुलाबासाठी साखरेची पद्धत अधिक आवडते.

पुढचे काम सोपे आहे. शंभर ग्रॅम साखर, दोनशे ग्रॅम लोणी, तीनशे ग्रॅम मैदा आणि चिमूटभर मीठ एवढेच घ्यावे. व्हॅनिला घालू नये, ती नाजूक फुलांना झाकून टाकते. लॅव्हेंडरबरोबर लिंबाची किसलेली साल मात्र छान जमते. गोळा तासभर फ्रिजमध्ये ठेवून पाच-सहा मिलिमीटर जाड लाटावा आणि साच्याने कापून 160 अंश सेल्सिअसवर साधारण पंधरा मिनिटे भाजावा. कडा फिकट सोनेरी होताच ट्रे बाहेर काढावा, कारण बिस्किटे तांबूस झाली की भाजलेल्या लोण्याचा खमंगपणा फुलाचा वास गिळून टाकतो.

प्रश्न : जास्वंदीच्या पाकळ्यांनी गुलाबी रंग येईल असे वाटले होते, पण बिस्किटे मळकट करडी झाली. असे का होते?

उत्तर : आपण बेकिंग सोडा घातला असावा. जास्वंद आणि गोकर्ण यांचा रंग अँथोसायनिन गटातील द्रव्यांचा असतो आणि तो आंबट-अल्कधर्मी गुणानुसार पालटतो. जास्वंदीच्या पाण्यात लिंबू पिळले की ते लालभडक होते. चिमूटभर सोडा टाकला की निळसर-हिरवट होते. या बिस्किटांना सोड्याची गरजच नसते, तरीही भाजताना हा रंग फिका पडतोच. म्हणून बिस्किटे पूर्ण गार झाल्यावर पिठीसाखरेत जास्वंदीचे दाट पाणी आणि लिंबाचे थेंब कालवून त्याचा पातळ थर वर द्यावा. कॅलेंड्युलाच्या पाकळ्यांचा केशरी रंग मात्र लोण्यात विरघळणारा असल्यामुळे भाजल्यावरही बराच टिकतो.

प्रश्न : फुलविक्रेत्याकडची फुले चालतील का? लहान मुलांसाठी बिस्किटे करायची आहेत.

उत्तर : कृपया ती वापरू नका. सजावटीच्या फुलांवर कीटकनाशके फवारलेली असू शकतात, आणि नुसत्या धुण्याने ती पूर्णपणे जातीलच असे नाही. खाण्यासाठी म्हणून वाढवलेली किंवा फवारणी न केलेल्या स्वतःच्या झाडाची फुलेच घ्यावीत, आणि तीही फूल नेमके कोणते आहे याची पूर्ण खात्री असेल तरच. कण्हेर, धोत्रा आणि डिजिटॅलिस ही फुले दिसायला सुंदर असली तरी विषारी आहेत. ती ताटात शोभेपुरतीही ठेवू नयेत. नावातल्या साम्यावरही विसंबू नये: मोगऱ्याचे फूल खाण्यात वापरतात, पण पिवळी जाई म्हणून काही ठिकाणी ओळखली जाणारी जेल्सेमियमची वेल विषारी असते.

फुलातील पुंकेसर, स्त्रीकेसर आणि हिरवी निदले काढून फक्त पाकळ्या घ्याव्यात, कारण परागकणांचा काहींना त्रास होतो. कॅमोमाइल आणि कॅलेंड्युला ही सूर्यफुलाच्या कुळातील फुले आहेत, त्या कुळाची ॲलर्जी असलेल्या मुलाला ही बिस्किटे देऊ नयेत. दुसऱ्यांच्या मुलांसाठी डबा पाठवणार असाल, तर आत कोणते फूल आहे ते झाकणावर ठळक लिहून द्यावे.