सासूबाईंचा अंदाज आपल्या हातात कसा येतो

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लग्न होऊन पुण्याहून धुळ्याला आलात, घरात सात माणसं, रविवारी हमखास दोन-तीन पाहुणे, आणि सासूबाईंना काहीही विचारलं की एकच उत्तर, "अंदाजाने टाक." वाटी-चमच्याने मोजून केलेली शेवभाजी एकदा छान होते, पुढच्या वेळी तीच पाणचट, त्याच्या पुढच्या वेळी खारट. न मोजता रोज पोटभरीचं जेवण कसं जमवायचं, असं विचारलंय तुम्ही. मी अमळनेरची. एकत्र कुटुंबात 30 वर्षांहून जास्त चूल सांभाळली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सासूबाई काही लपवतायत, हे आधी मनातून काढून टाका. त्यांना आकडा खरंच सांगता येत नाही, कारण त्या आकड्यातून शिकलेल्याच नाहीत. माझ्या सासूबाई अहिराणी बोलायच्या. "मीठ कितलं टाकू?" विचारलं की म्हणायच्या, "लागी तितलं." नवीन होते, रडू यायचं. मग एक युक्ती केली. त्यांनी मीठ हातात घेतलं की मी वाटी पुढे करायची, "यात द्या, मी टाकते." आणि बाजूला जाऊन चमच्याने मोजायचं. तीन वेगवेगळ्या दिवशी, त्याच पातेल्यातल्या वरणासाठी, तिन्ही वेळा पोह्यांच्या चमच्याने दोन चमच्यांना थोडं कमी. इतकं सारखं! म्हणजे माप होतंच, ते तळहाताच्या खळग्यात होतं. मग मीही तसाच खळगा करून मीठ घेतलं, तर वरण अळणी. माझा हात त्यांच्यापेक्षा लहान होता. तेव्हा सासूबाईंची मूठ बघून उपयोग नाही, स्वतःची मूठ ओळखावी लागते. आज दुपारी रिकाम्या वेळी हेच करा. आपली एक मूठ डाळ, एक मूठ तांदूळ, तळहातभर मीठ, तीन बोटांच्या चिमटीतली हळद, सगळं एकेकदा वाटी-चमच्यात ओतून बघा. एकदाच बघायचं, पुन्हा नाही.

दुसरं म्हणजे भांडं बदलू नका. एक भाजी रोज वेगळ्या कढईत करणाऱ्या बाईला अंदाज कधीच येत नाही. माझं रश्श्याचं पातेलं ठरलेलं आहे. त्याच्या कडेखाली चार बोटं पाणी आलं की घरच्यांचा रस्सा झाला, दोन बोटांवर आलं की पाहुण्यांसकट झाला. तेलही ठरलेल्या पळीनेच घालते. पळी हरवली तर मला आठवडाभर चुकल्यासारखं होईल.

आता तुमची शेवभाजी. ती बिघडते ती मसाल्याने नाही, शेवेने. भाजीची जाड तिखट शेव रस्सा पिते आणि तिच्यात मीठ-तिखट आधीच असतं. तुम्ही शेव घालून उकळता, रस्सा आटतो, म्हणून पाणी घालता, म्हणून पाणचट होते, म्हणून पुन्हा मीठ घालता, आणि मुलं जेवायला बसेपर्यंत शेवेचं मीठ उतरून खारट. माझी पद्धत सांगते. कांदा आणि सुकं खोबरं वेगवेगळं भाजायचं. कांदा कडेने काळपट होऊन मऊ पडेपर्यंत, खोबरं तांबूस, त्याच्या पुढे गेलं तर कडू. लसूण-आल्याबरोबर अगदी बारीक वाटायचं. तेलात काळा मसाला मंद आचेवर, आणि लगेच त्यावर वाटण, नाहीतर मसाला करपतो. मग परतत राहायचं. इथे घड्याळ बघू नका, कढईकडे बघा. आधी वाटण सगळीकडे चिकटतं, फुटफुट उडतं. मग हळूहळू गोळा होतं, तळ सोडायला लागतं. मग गोळ्याच्या कडेने तेलाची बारीक रेघ दिसते आणि आवाज बदलतो, ओला चरचराट जाऊन तळणीसारखा बारीक आवाज येतो. कच्च्या कांद्याचा वास गेलेला असतो. तेव्हा पाणी, आणि तेही उकळतं. गार पाण्याने रस्सा बसतो, तर्री वर यायला वेळ लागतो. रस्सा तुम्हाला हवा त्यापेक्षा थोडा पातळच ठेवा आणि मीठ तुमच्या जिभेला जरासं कमी वाटेल इतकंच घाला. बाकीचं शेव करते. शेव ताटात वाढताना. पातेल्यात अजिबात नाही.

मसाल्याचे चमचे कुठूनही वाचून घालू नका. आपल्याकडे काळा मसाला उन्हाळ्यात वर्षभराचा करतात, आणि दर वर्षी मिरची वेगळी येते. एखाद्या वर्षी तिखट, एखाद्या वर्षी नुसता रंग. नवा डबा फोडला की पहिले आठ-दहा दिवस मी नेहमीपेक्षा कमी घालते आणि वरणावर चिमूटभर टाकून आधी चाखते. दिवाळीनंतर त्याच डब्यातला जोर उतरतो, मग हात आपोआप मोकळा होतो. सासूबाईंचा हात जूनमध्ये आखडतो आणि थंडीत सैल सुटतो, हे तुमच्या लक्षात आलं नसेल. बघा एकदा.

हिरव्या मिरचीचंही तेच. भरताला किलोमागे किती मिरच्या हा प्रश्नच चुकीचा आहे. एक मिरची मोडून तिचा देठाकडचा तुकडा जिभेला लावायचा, मग ठरवायचं. थंडीत भरीत कराच. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, फिकट हिरवं, मोठं, कमी बियांचं. बाजारात सारख्या आकाराची दोन वांगी हातात धरून त्यातलं हलकं घ्या. जड वांग्यात बिया जास्त निघतात. कपाशीच्या काड्यांवर भाजलं तर उत्तम, गॅसवर भाजत असाल तर सुरीने टोचून, तेलाचा हात लावून, देठाकडचा भाग शिजेपर्यंत धीर धरा. सगळे तिथेच घाई करतात. मिरची-लसूण ठेचून, शेंगदाणे, भरपूर कांद्याची पात आणि तेल. तेलात कंजूषी केली तर ते भरीत राहत नाही.

भाकरीच्या पाण्याला मी कधी माप सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. पीठ ताजं दळलेलं असलं तर ते लगेच धरतं. पंधरा दिवस पडलेल्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा फुटतात, तेव्हा उकळतं पाणी घालून मळायचं. दादर ज्वारीची भाकरी तुम्हाला जमत नसेल तर कळण्यापासून सुरुवात करा. आमच्याकडे चार भाग ज्वारीला एक भाग अख्खे काळे उडीद आणि थोडं मीठ असं दळून आणतो. उडदाने चिकटपणा येतो, नवख्या हाताला ती भाकरी साथ देते. आणि लक्षात घ्या, इथे मी मापच सांगितलं. जुन्या बायका रश्श्यात अंदाज वापरायच्या, पण धान्य चिपटं, मापटं, शेर, पायली असंच मोजून काढायच्या. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. वर्षाचं धान्य पुरवायचं असायचं. तुम्हीही माणशी किती पीठ, किती डाळ हे नक्की मोजा, त्याने रोजचं उरणं-कमी पडणं थांबेल. पुरणातला गूळ, पापडातला पापडखार, बट्टीतला सोडा, लोणच्यातलं मीठ हेही मोजूनच. तिथे चूक झाली तर दुरुस्ती नसते. रश्श्याला दुरुस्ती असते, म्हणूनच तिथे अंदाज चालतो.

पाहुणे आले की सगळं दीडपट करायची चूक बहुतेक जणी करतात. भाजी, डाळ दीडपट करा, पण पाणी आणि तिखट थोडं कमीच वाढवा. पातेल्याचं तोंड तेवढंच राहतं, त्यातून वाफ तेवढीच जाते, म्हणून जास्तीचं पाणी त्या मानाने आटत नाही. तिखट नंतर वाढवता येतं. रस्सा पातळ राहिलाच तर शेंगदाण्याचा कूट घालून उकळी आणा. तुरीची डाळ बोअरच्या जड पाण्यात लवकर शिजत नाही, तेव्हा जमलं तर गोड पाणी वापरा आणि डाळ शिजल्याशिवाय चिंच किंवा टोमॅटो घालू नका.

घरात भाजीच नसेल आणि माणसं दारात असतील तर डुबुक वडे. शेवभाजीसारखाच रस्सा, जरा जास्त पातळ. बेसनात तिखट, मीठ, ओवा, हळद, आणि भज्याच्या पिठापेक्षा थोडं घट्ट भिजवायचं. रस्सा खळखळ उकळत असताना बोटांनी एकच वडा सोडा आणि थांबा. तो तळाशी जाऊन दोन मिनिटांत वर आला आणि सुटला नाही, तर बाकीचे सोडा. विरघळला तर मूठभर बेसन वाढवा. वर आला पण चमच्याने तोडल्यावर आत कोरडा, कडक निघाला तर पाण्याचा हात मारा. हा एक वडा मी आजही सोडून बघते. इतक्या वर्षांनंतरही पीठ दर वेळी वेगळं वागतं. रस्सा चुकून खारट झाला असेल तर वड्यांच्या पिठात मीठ घालू नका, वडे मीठ ओढून घेतात आणि जेवणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

सुरुवात याच भाजीने करा. आठवड्यातून दोनदा, त्याच पातेल्यात, त्याच पळीने, महिनाभर. वहीत लिहायचंच असेल तर प्रमाण लिहू नका, काय झालं ते लिहा: आज वडे फुटले, आज तिखट कमी पडलं, आज सासऱ्यांनी दुसऱ्यांदा रस्सा मागितला. आणि मीठ घालण्याआधी सासूबाईंना चमचाभर चाखायला द्या, काही न विचारता. त्या "टाक अजून" म्हणतील किंवा चमचा परत देतील. मला तरी त्यांच्या त्या परत आलेल्या चमच्यांवरूनच मीठ कळायला लागलं. येत्या रविवारी पाहुणे असतील तर शनिवारी संध्याकाळी एकदा घरच्यांपुरतं करून बघा, आणि वडा सुटला की टिकला ते मला इथे कळवा.