ऑपरेशन की रेडिएशन?

प्रश्न: बाबा 68 वर्षांचे, आम्ही फोंड्याचे. प्रोस्टेटचा कॅन्सर निघालाय: पीएसए (त्याची रक्ततपासणी) 14, बायोप्सीत ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक त्याचा आकडा) 3+4. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन किंवा रेडिएशन, तुम्ही ठरवा. बाबा कोणाशी बोलतच नाहीत, नुसते बाल्कांवात बसून असतात. काय करू?

उत्तर: ताई, आधी घाई सोडा, हा कॅन्सर बहुतेकदा सावकाश वाढतो, स्कॅनमध्ये तो बाहेर पसरलेला नसेल तर दोन्ही उपचार चांगले. ब्रिटनच्या प्रोटेक्ट अभ्यासात 15 वर्षांनी ऑपरेशन, रेडिएशन, नुसती देखरेख, तिन्ही गटांत या कॅन्सरने गेलेले साधारण 3 टक्केच, अर्थात त्यात सौम्य केसेस जास्त होत्या. फरक पडतो तो त्रासात. ऑपरेशननंतर लघवी गळू शकते, काही महिने, काहींना वर्षानुवर्षेही पॅड लागतात, रेडिएशनमध्ये पोटाची कुरकुर, आणि लैंगिक अडचण दोन्हीकडे, तेच बाबा मुलीसमोर बोलणार नाहीत हो, म्हणून त्यांना डॉक्टरांशी थोडा वेळ एकटं बोलू द्या. सरळ मुंबई गाठायची आपल्याकडे सवयच, पण आधी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) युरोलॉजीत दाखवा, दुसरं मत हवंच तर बायोप्सीच्या स्लाइड्स घेऊन परळच्या टाटाला जा. दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) रिन्यू आहे का बघा, या उपचारांतलं त्यात काय बसतं ते आधीच विचारा. आणि उपचार झालेला एखादा पेशंट डॉक्टरांकरवी गाठून द्या, त्याच्याशी बाबा बोलतील.