एमआरआय झाल्यावर पुन्हा एक्स-रे कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९ वर्षांच्या मुलाचा गुडघा फुटबॉल खेळताना मुरगळला, तेव्हापासून तो पूर्ण सरळ होत नाही. एमआरआयच्या रिपोर्टात आतल्या बाजूच्या मेनिस्कसचा, म्हणजे गुडघ्याच्या हाडांमधल्या कुर्चेच्या गादीचा, ‘बकेट हँडल टेअर’ (एक प्रकारची फाट) आलाय. तरी सर्जननी उभ्याने एक्स-रे काढायला सांगितलाय, आणि टाके घालायचे की फाटलेला तुकडा काढायचा ते नंतर ठरवू म्हणालेत. एवढा महागडा स्कॅन झाल्यावर हे सगळं कशाला?

मी फोंड्यात एमआरआय टेक्निशियन आहे. पावसात चिखलातले सामने सुरू झाले की आमच्याकडे गुडघ्यांची रांग लागते. निर्णय सर्जनचाच, पण ते चित्रात काय शोधतात ते रोज समोर बघतो, तेवढ्यापुरतं सांगतो.

एमआरआय झोपवून काढतात, गुडघ्यावर वजन नसतं. उभं राहिल्यावर दोन हाडांमध्ये जागा किती उरते आणि पाय गुडघ्यात बाहेरच्या बाजूला वाकतो का, हे त्यात कळत नाही. तसा वाक असेल तर अंगाचा भार आतल्या बाजूवर जास्त येतो, म्हणजे नेमका टाके घालायच्या मेनिस्कसवर. म्हणून खुब्यापासून घोट्यापर्यंतची लांब फिल्म मागतात. वाक फारच असला तर हाडाचा कोन सुधारायचाही विचार होतो. १९व्या वर्षी तशी वेळ सहसा येत नाही, पण बघून घेतलेलं बरं.

आता टाके की काढणं. मेनिस्कसला रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या कडेला, साधारण बाहेरच्या एक तृतीयांश भागात चांगला असतो. तिथली फाट टाके घातल्यावर जुळून येते. सांध्याच्या मध्याकडच्या पातळ कडेला रक्तच नाही, तिथे जुळायची आशा कमी. म्हणून सर्जन स्कॅनची एकेक स्लाइस (गुडघ्याच्या पातळ कापाचं चित्र) पुढे-मागे सरकवत फाट बाहेरच्या कडेपासून किती मिलिमीटरवर आहे ते बघतात. तुमच्या मुलाच्या प्रकारात फाटलेला पट्टा बादलीच्या कडीसारखा उचलला जाऊन सांध्याच्या मधोमध जाऊन बसतो. बाजूने घेतलेल्या चित्रांत मागच्या क्रूसिएट लिगामेंटच्या (गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी मागची) खाली आणखी एक काळी पट्टी दिसते, ती हीच. गुडघा अडकतो तो तिच्यामुळे. असा पेशंट आला की पाय कॉइलमध्ये (स्कॅनसाठी गुडघ्याभोवती बसवतात तो साचा) सरळ बसत नाही, खाली पॅड सरकवून आहे त्या वाकात स्थिर करावा लागतो. तिथे ‘जरा सरळ कर’ म्हणून दाबायचं नसतं. घरीही दाबू नका, आणि मालीश करून ‘बसवून देणाऱ्या’कडे तर अजिबात नेऊ नका.

पुढचं क्रूसिएट लिगामेंट शाबूत आहे का, हेही त्याच चित्रांत बघतात. ते तुटलेलं असेल आणि गुडघा डगमगत असेल, तर नुसत्या मेनिस्कसला घातलेले टाके पुन्हा उसवायची भीती असते.

तरीही शेवटचा निकाल ऑपरेशन थिएटरातच लागतो. दुर्बीण आत घालून, बारीक हुकाने पट्टा ओढून बघितल्यावरच तो जागेवर बसतो की चिंध्या झाल्यात ते कळतं. म्हणून संमतिपत्रावर दोन्ही शक्यता लिहिलेल्या असतात. त्यात लपवाछपवी नाही.

रिपोर्टातल्या एकेका शब्दाने घाबरू नका हे मात्र खरं. २००८ साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ५० ते ९० वयाच्या लोकांचे एमआरआय काढले होते. मेनिस्कस फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्यात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. म्हणजे उद्या तुमचाच गुडघा स्कॅन केला तर कदाचित फाट निघेल, आणि काही करावंही लागणार नाही. तुमच्या मुलाचं तसं नाही. तरुण वय, ताजी इजा, अडकलेला गुडघा. इथे महिनोन्‌महिने थांबण्यात शहाणपण नाही, कारण अडकून राहिलेला पट्टा चेंगरत जातो.

मेनिस्कस बदलण्याबद्दलही विचारलंय. ते आत्ताचं काम नव्हे. बहुतेक मेनिस्कस आधीच काढून टाकलेला, गुडघा दुखतोय, पण सांध्याची झीज फारशी नाही, अशांसाठी दात्याचा मेनिस्कस बसवतात. तिथे मापाला फार महत्त्व, आणि गंमत म्हणजे ते माप बऱ्याचदा साध्या एक्स-रेवरूनच घेतात. शेजारी ठरावीक मापाची धातूची गोळी ठेवतात, चित्र किती मोठं आलंय ते तिच्यावरून कळतं. नडगीच्या हाडाच्या माथ्याची पुढून मागे लांबी मोजायची. आतला मेनिस्कस तिच्या सुमारे ८० टक्के, बाहेरचा ७० टक्के धरतात. ही पद्धत १९९५ची.

आता कामाचं. सर्जनकडे नुसता रिपोर्टाचा कागद किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर काढलेला फिल्मचा फोटो नेऊ नका. स्कॅनची सीडी मागून घ्या, सगळ्या स्लाइस तिच्यातच असतात. आणि एक्स-रेच्या वेळी गुडघा अडकलाय हे आधीच सांगा. वाकलेल्या गुडघ्याने उभं राहिलं की पायाचा कोन चुकीचा येऊ शकतो, म्हणून दोन्ही पाय एकाच फिल्मवर घ्यायला लावा, चांगल्या पायाशी ताडून बघता येतं.